दोन घटिकांचे दान

महाविद्यालयीन तरुणांची सेवा, दृष्टिहीनांचा अभ्यास आणि व्यापारी कुटुंबांचे कर्तव्य

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील राजाबाई मनोरा पाहताना जैन मनाला एक आपलेपणाचा अभिमान वाटतो. सुरतेहून मुंबईस आलेल्या प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व समभागांच्या व्यापाऱ्याने १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले. पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष दिले आणि त्याला आपल्या मातेचे नाव द्यावे अशी इच्छा कळविली. पुढच्याच वर्षी मुंबईचा समभाग बाजार कोसळला व त्यांची अफाट संपत्ती वाहून गेली. दान मात्र उरले. १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला आणि आजही तो उभा आहे.

या मनोऱ्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. राजाबाईंना दिसत नसे. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा नियम होता. वेळ किती झाली हे कोणालाही विचारावे न लागता त्यांना घंटानादावरून समजावे, म्हणून पुत्राने मनोरा उभारला, असे लोक सांगतात. आख्यायिका जशीच्या तशी खरी मानण्याची गरज नाही. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली याला कारण आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला आपला नियम आपल्या बळावर पाळता यावा, त्यासाठी कोणापुढे ओशाळे व्हावे लागू नये, ही साहाय्याची फार उंच कल्पना तिच्यात आहे.

त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये आज कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आहेत. आपल्या समाजातील अनेक घरांची मुलेमुली तेथे वाणिज्य, विज्ञान व कला शाखांत शिकत आहेत. मनोरा बांधण्याइतके धन प्रत्येकाजवळ नसते. परंतु घंटेचे काम करण्याइतका वेळ प्रत्येक तरुणाजवळ असतो. तो वेळ कोठे द्यावा, कसा द्यावा आणि दिलेला शब्द कसा पाळावा, याचा हा विचार आहे.

सोनिवलीपासून एका स्थानकावर

सोनिवली हे बदलापूर पश्चिमेकडील गाव. कुळगाव-बदलापूर शहर वाढत गेले तशी भातशेतीच्या कडेला इमारती आल्या आणि मुंबईला नोकरी-व्यवसायासाठी जाणारी कुटुंबे येथे स्थिरावली. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. सकाळी रिक्षाने बदलापूर स्थानक गाठावे, अंबरनाथ, उल्हासनगर किंवा कल्याण येथे उतरावे, दुपारी परतावे, मग शिकवणी किंवा दुकान. त्याची गाडी नेहमी मुंबईच्या दिशेने धावते. विरुद्ध दिशेला, कर्जतच्या बाजूला, बदलापूरनंतरचे पहिलेच स्थानक वांगणी आहे, याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही.

वांगणी हे अंबरनाथ तालुक्यातील गाव दृष्टिहीन कुटुंबांची वसाहत म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या मानाने घरभाडे कमी आणि मध्य रेल्वेची लोकल हाताशी, या दोन कारणांनी गेल्या अनेक वर्षांत अंध स्त्री-पुरुष येथे राहावयास आले. त्यांतील पुष्कळजण लोकल गाड्यांतून लहानसहान वस्तू विकून संसार चालवितात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे लोकल बंद झाल्या, तेव्हा या घरांचा बाजारच बंद झाला. दुकानाचे शटर महिनोन्‌महिने खाली राहणे म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. यांचे दुकान तर गाडीचा डबा हेच होते.

१७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकाचे नाव देशभर गेले. दृष्टिहीन मातेचा हात धरून फलाटावरून चालणारे लहान मूल तोल जाऊन रुळांवर पडले. समोरून वेगाने गाडी येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, त्यांनी मुलाला फलाटावर ढकलले आणि क्षणार्धात स्वतःही वर चढले. त्यांना जाहीर झालेल्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्याच मुलासाठी देण्याचा मनोदय त्यांनी व्यक्त केला. त्या काही सेकंदांचे चित्रण असंख्य लोकांनी पाहिले आणि साऱ्यांचे डोळे पाणावले.

गाडी निघून गेली, चित्रण जुने झाले. मुले मात्र वाढत राहतात. ती शाळेत जाऊ लागतात, वह्या भरतात, परीक्षा देतात. त्या रोजच्या वाटचालीत शौर्याचा प्रसंग येत नाही. तेथे लागते ती नेमाने येणारी सोबत.

ज्या घरात वही पाहता येत नाही

आईवडील दोघेही दृष्टिहीन आणि मूल डोळस, अशी कुटुंबे अशा वसाहतीत असतात. मूल पहिलीत जाते. शिक्षिका वहीत लाल शाईने शेरा लिहितात. पालकसभेची सूचना छापील कागदावर येते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो. ‘अ’ची गाठ उलटी काढली आहे की सुलटी, हे घरी कोण पाहणार? आई पाढे म्हणवून घेऊ शकते, कविता पाठ करून घेऊ शकते; तिची स्मरणशक्ती पुष्कळदा डोळस मातेहून तल्लख असते. परंतु हातचा घ्यावयाचा राहिला, म्हणून बेरीज चुकली, हे कागदावर पाहून तिला दाखविता येत नाही.

अशा मुलावर आणखी एक भार पडतो. घरातील डोळे तेच असते. विजेचे देयक वाचणे, नोट ओळखणे, रस्ता ओलांडून देणे, औषधावरील नाव पाहणे ही कामे त्याच्याकडे फार लवकर येतात. मूल समंजस होते, पण मोठेही अकाली होते. आपला अभ्यास समजला नाही, हे सांगण्यास त्याला कोणी मोठे माणूस उरत नाही.

येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे काम फार मोठे नाही आणि म्हणूनच ते टिकाऊ होऊ शकते. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, ठरलेल्या वेळी, दोन-तीन मुलांजवळ बसावे. वही पाहावी. वाचून घ्यावे. चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवून घ्यावे. शाळेची सूचना आईवडिलांना वाचून दाखवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मुलाच्या शाळेविषयी परस्पर निर्णय घेणारा ताईदादा, आईवडिलांचा मान नकळत कमी करतो. त्यांनी विचारले तर सल्ला द्यावा. एरवी कागदावर जे आहे ते सांगावे.

दादा किंवा ताई येते म्हणून मुलाला आणखीही काही मिळते. दहावीनंतर काय असते, महाविद्यालय कसे असते, प्रवेशअर्ज कोठे भरतात, वाणिज्य शाखेतून पुढे कोणत्या वाटा फुटतात, हे त्याला जवळच्या माणसाकडून कळते. आपल्या घरांत ही माहिती काका, मामा, शेजारी यांच्या बोलण्यातून आपोआप झिरपत असते. ज्या घरात ती झिरपत नाही, तेथे ती कोणीतरी नेऊन द्यावी लागते.

लेखनिक: हात एकाचा, बुद्धी दुसऱ्याची

दुसरे काम परीक्षेचे आहे. दृष्टिहीन विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो आणि दुसरा विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितो. या लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा असेल तेव्हा लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी लागते. लेखनिक घेणाऱ्यास प्रत्येक तासामागे किमान वीस मिनिटे अधिक वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते. नियमांत वेळोवेळी बदल होत असतात. म्हणून प्रत्येक परीक्षेपूर्वी महाविद्यालयातून किंवा परीक्षा मंडळाकडून ताजे नियम पाहून घेणे आवश्यक असते.

लेखनिक मिळणे कठीण का जाते, हे या नियमांतूनच उलगडते. पात्रता एक पायरी खालची हवी, म्हणजे लेखनिक बहुधा स्वतः विद्यार्थीच असतो. त्याचीही परीक्षा त्याच मोसमात असते. त्यातून जो मोकळा असेल, ज्याचे अक्षर वाचनीय असेल, ज्याला विषयातील शब्द ऐकताच लिहिता येतील आणि जो चार तास न कंटाळता बसेल, असा शोधावयाचा. एका परीक्षार्थीच्या पाच-सहा प्रश्नपत्रिकांसाठी दोन-तीन लेखनिक जुळवावे लागतात. अभ्यासाचे दिवस या शोधात जातात.

समजा, लेखनिकाने शब्द दिला आणि परीक्षेच्या सकाळी तो आला नाही. आयत्या वेळी लेखनिक बदलण्याची तरतूद नियमांत असते. परंतु तासाभरात दुसरा माणूस कोठून आणावयाचा? परीक्षार्थी केंद्राच्या दाराशी थांबलेला असतो. वर्षभराचा अभ्यास त्याच्या मुखात तयार असतो आणि तो कागदावर उतरविणारा हात नसतो. व्यापाऱ्याला हे एका शब्दात समजेल. लेखनिकाचा होकार ही मुदती हुंडी आहे. मुदतीच्या दिवशी ती वटलीच पाहिजे. ‘उद्या देतो’ म्हणण्याची सोय तिच्यात नाही. पूर्वजांनी नावलौकिक मिळविला तो हुंडी वटविण्याच्या सचोटीवर; तीच सचोटी येथे वेळेच्या व्यवहारात लागते.

लेखनिकाची दुसरी कसोटी याहून सूक्ष्म आहे. परीक्षार्थी सांगतो ते उत्तर चुकीचे आहे, हे लेखनिकाला कळते. त्याला योग्य उत्तर ठाऊक असते. मनात दया येते. एक शब्द बदलला तर दोन गुण वाढतील. अशा वेळी हात जसाच्या तसा चालला पाहिजे. आपले उत्तर त्याच्या नावावर लिहिणे म्हणजे परीक्षेशी अप्रामाणिकपणा, आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या कष्टांवरही अविश्वास. सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते आपण पाठशाळेत शिकतो. परीक्षेच्या दालनात, शेजारी न पाहू शकणारा परीक्षार्थी बसलेला असताना, ती पाळण्याचा हा खराखुरा प्रसंग आहे. पेढीवरचा जुना मुनीम शेठजींचा व्यवहार जसा झाला तसाच वहीत उतरवीत असे. आपल्या पदरची रक्कम त्यात घालीत नसे आणि काढीतही नसे. लेखनिकाने तेवढेच करावयाचे.

उलट बाजूनेही दक्षता हवी. ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित’ असे परीक्षार्थी सांगेल ते सर्व लिहावे. प्रश्न वाचताना तो संपूर्ण वाचावा, गुणांसकट वाचावा, विचारल्यास पुन्हा वाचावा. मधूनमधून उरलेला वेळ सांगावा. सरकारी सूचनांत परीक्षार्थीला लेखनिकाची आधी भेट घेता यावी अशी तरतूद आहे. ती भेट औपचारिक समजू नये. दोघांनी बसून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी. सांगण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग जुळणे ही सरावाची गोष्ट आहे.

यंत्र आले, तरी माणूस हवाच

आता संगणक व भ्रमणध्वनी मजकूर वाचून दाखवितात, मग वाचकाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. ‘एनव्हीडीए’सारखी पडदा वाचून दाखविणारी प्रणाली विनामूल्य मिळते. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्यानेच अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुगम रूप तयार करण्यास मुभा दिली आहे आणि या विषयावरील मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच आहे. मराठीत तर २००८ पासून स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक चालविले. साधने वाढली आहेत, यात शंका नाही.

तथापि बी.कॉम.च्या विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात काय येते? वर्गमित्राच्या हस्तलिखित टिपणांची छायाचित्रे. तिरपी छायांकित केलेली पाने. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत छापलेली मराठी टिपणे. या टंकांत पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या पोटात रोमन चिन्हेच असतात, म्हणून यंत्र अर्थहीन अक्षरांचा पाढा वाचते. असा मजकूर कोणीतरी युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करावा लागतो. घरी संगणकावर बसून, प्रवास न करता, रोज दोन पाने करता येण्यासारखे हे काम आहे.

आणि येथे व्यापारी घरातील मुलामुलींना एक विशेष जागा आहे. ताळेबंद यंत्राने वाचला तर तो आकड्यांचा ढिगारा होतो. जमा कोणती, नावे कोणती, कोणती रक्कम आतल्या रकान्यातील आणि कोणती बाहेरची, हे सांगणारा माणूस लागतो. ज्याने लहानपणापासून दिवाळीच्या सुमारास वडिलांना वह्यांचा मेळ घालताना पाहिले आहे, त्याला हे चांगले जमते. आधी तक्त्याची रचना सांगावी: रकाने किती, ओळी किती. मग एकेक ओळ, खात्याचे नाव आधी आणि रक्कम नंतर. आलेख असेल तर आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, रेषा कोठे चढते आणि कोठे उतरते. असे पाच-सहा वेळा वाचून दाखविणाऱ्याचे स्वतःचे लेखाकर्म किती पक्के होते, याचा अनुभव ज्याचा त्याने घ्यावा.

विद्यार्थ्यांच्या सेवेची जुनी वाट

विद्यार्थ्यांनी समाजासाठी वेळ देणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुणांनी आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण सुरुवातीस वेतन न घेता, आपले काम सांभाळून तेथे शिकवीत. मुलींनी शिकावे की नाही याविषयीच लोकांत वाद होता. पण हे तरुण सभा भरवून थांबले नाहीत, सकाळी उठून शिकवावयास गेले.

आपल्या समाजाकडे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण आहे. १८८७ मध्ये कोल्हापूर भागातील कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी काही काळ ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरती केली. त्या फिरतीत त्यांनी खेड्यांतील अज्ञान पाहिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत विद्यार्थी केवळ घेणारा उरला नाही. श्रम देऊन शिकणारा झाला. आधी सर्व मिळवावे आणि मग उतारवयात द्यावे, असा क्रम त्यांनी मानला नाही.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, समाजकार्यास द्यावयाचे असतात. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात सामुदायिक कार्यासाठी श्रेयांकही मिळतात. श्रेयांक मिळणे वाईट नाही. पण त्यात एक धोका आहे. तास भरावयाचे म्हणून एकदा रॅली काढावी, एकदा फलक धरावा, एकदा खाऊ वाटून छायाचित्र घ्यावे आणि प्रमाणपत्र मिळाले की विसरावे, असे होऊ शकते. वांगणीतल्या मुलाच्या दृष्टीने एकदाच येऊन गेलेले पन्नास विद्यार्थी आणि वर्षभर येत राहिलेला एक, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पन्नासांची नावे त्याला आठवत नाहीत. एकाच्या पावलांचा आवाज त्याच्या आईवडिलांनाही ओळखू येतो.

दीडशे सामायिके

वर्षाचे १२० तास हा आकडा मोठा वाटतो. आपल्या ओळखीच्या मापाने तो मोजून पाहू. एक सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. १२० तासांची ७,२०० मिनिटे. त्यास ४८ ने भागले असता दीडशे सामायिके होतात. आठवड्याला साधारण तीन. ज्या घरात आजी रोज सामायिक करते, त्या घरातील नातवाला आठवड्यातून तीन वेळा दोन घटिका देणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

पालकांच्या मनात शंका येतात आणि त्या रास्त आहेत. अभ्यास मागे पडेल का? परीक्षेच्या मोसमात काम आपोआप कमी करावे, तसे आधी सांगून ठेवावे. न सांगता गैरहजर राहू नये. अनोळखी वस्तीत मुलीला कसे पाठवावे? दोघीतिघींनी मिळून, दिवसाउजेडी, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागामार्फत किंवा तेथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेच्या ओळखीने जावे. मुले सोबत असतील तेथे उघड्या, सर्वांना दिसेल अशा जागी बसावे. हा नियम मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. दुकानावर माणूस कमी पडतो, त्याचे काय? येथे मात्र घराने ठरवावे लागते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, गोशाळेसाठी, चातुर्मासातील साधर्मिक भक्तीसाठी आपण रक्कम काढतो. वेळ मात्र दुकानाचा, असे आपण गृहीत धरलेले असते. रविवारच्या दोन घटिका मुलाच्या नावे काढून ठेवणे, हा पिढीजात दानाचाच पुढचा हप्ता समजावा.

जाणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी. दृष्टिहीन व्यक्तीला भेटताच आपले नाव सांगावे. ‘ओळखा पाहू मी कोण’ असा खेळ करू नये. निघताना निघतो म्हणून सांगावे, नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. रस्ता ओलांडताना हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, त्यांनी तो धरावा. साहाय्य हवे का, हे आधी विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर मान्य करावे. घरातील वस्तू हलवू नयेत. न विचारता छायाचित्र काढू नये. ज्याला ते छायाचित्र पाहता येणार नाही, त्याची संमती तर अधिकच काळजीपूर्वक घ्यावी.

विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय

सहा अभ्यंतर तपांची नावे आपण लहानपणी पाठ करतो. त्यांत प्रायश्चित्तानंतर विनय येतो, विनयानंतर वैयावृत्त्य आणि त्यापुढे स्वाध्याय. वैयावृत्त्याचा मूळ संदर्भ साधुसाध्वींच्या, विशेषतः रुग्ण व वृद्ध साधूंच्या सेवेचा आहे, हे खरे. श्रावकाने त्यातील भाव आपल्या परिसरापर्यंत आणावा, यात त्या संकल्पनेचा मान वाढतोच. क्रम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विनयाशिवाय सेवेला जाऊ नये. जो दृष्टिहीन सहाध्यायीला बिचारा समजतो, तो सेवा करीत असूनही स्वतःला वर बसवितो. आणि सेवेनंतर स्वाध्याय येतो: वाचून दाखविणाराही शिकतो.

आपले आगमज्ञान ‘श्रुत’ म्हणविले जाते, ते ऐकलेले म्हणून. शतकानुशतके ते कंठात राहिले, कानांनी कानांना दिले. दिगंबर परंपरेनुसार वृद्ध आचार्य धरसेनांनी आपल्याजवळचे ज्ञान लुप्त होऊ नये म्हणून दोन मुनींना बोलावून घेतले. पुष्पदंत आणि भूतबली यांनी ते ग्रहण केले आणि षट्खंडागम ग्रंथरूप झाला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते ती त्याच्या स्मरणार्थ. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभी येथे आगम लिपिबद्ध करविले; कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून ज्ञानाची पूजा होते. एकाच्या मुखातील ज्ञान दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरणे, याला आपल्या धर्मात एवढा मान आहे. परीक्षेच्या दालनात बसलेल्या लेखनिकाला हे माहीत असावे.

आणि योगही पाहण्यासारखा आहे. श्रुतपंचमी साधारण मे-जूनमध्ये येते, तेव्हा महाविद्यालयांचे नवे वर्ष उंबरठ्यावर असते. ज्ञानपंचमी हीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. दिवाळीनंतर त्या दिवशी पेढी पुन्हा उघडते आणि नव्या वहीत पहिल्या नोंदी होतात. सोनिवलीतील, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरमधील आणि अन्यत्रच्या घरांनीही येत्या लाभपंचमीला त्या वहीत एक पान वेगळे ठेवावे. त्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहावे, वार लिहावा, वेळ लिहावी. आठवड्यामागून आठवडा तेथे एवढीच नोंद व्हावी: आज गेलो, दोन घटिका बसलो. वर्षअखेरीस त्या पानाची बेरीज घरातील सर्वांनी मिळून करावी.